लिलावकर्त्याचा व्यवसाय कसा उभा करावा: करारनाम्यापासून ताबा पावतीपर्यंत

महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे लिलाव चालू असतो. लासलगावच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्यांपुढे बोली लागते. सांगलीत हळदीचे सौदे निघतात, तासगावात बेदाण्याचे, हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीचे. गोव्यात देवळातल्या पावणीला, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाला, नारळ नि केळीचा घडसुद्धा बोलीवर जातो. म्हणून कुणी ‘लिलावाचा धंदा करायचाय’ असं म्हणालं, की मी आधी विचारतो, कशाचा?

कारण यातले बरेच लिलाव नव्या माणसाला बंद आहेत. बाजार समितीच्या आवारात माल पुकारायचा तर १९६३च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली अडत्याचा परवाना लागतो, गाळा लागतो, आणि खरेदीदाराने थकवलं तरी शेतकऱ्याचे पैसे चुकते करण्याइतकं भांडवल लागतं. तो अडतीचा धंदा झाला, त्याची वाट वेगळी. सरकारी खात्यांचं भंगार बहुतेक एमएसटीसीसारख्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन जातं. बँकांनी थकीत कर्जापोटी २००२च्या सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेतलेली घरं-दुकानं बँकेचा प्राधिकृत अधिकारीच विकतो, आणि तेही आता ई-लिलावाने.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात स्वतंत्र लिलावकर्त्याला खरी जागा आहे ती उरलेल्या मालात. बंद पडलेलं वर्कशॉप, एमआयडीसीतला आवरता घेतलेला कारखाना, हॉटेलचं किचन, मंगल कार्यालयाची भांडी, शाळेची जुनी बाकं, पतसंस्थांचं थकीत सोनेतारण, वित्त कंपन्यांनी ओढून आणलेल्या दुचाकी आणि ट्रॅक्टर, पाडायला काढलेल्या वाड्याचं सागवान. हा माल विकणाऱ्याला बाजार माहीत नसतो आणि घेणाऱ्याला माल कुठे आहे हे कळत नाही. त्या दोघांना एका दिवशी एका मांडवात आणायचं, हे तुमचं काम. पुढचा सगळा लेख याच कामाबद्दल आहे.

सुरुवात कशापासून करावी

पहिलं वर्ष यंत्रं, फर्निचर आणि हॉटेलच्या सामानावर काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लेथ मशीन किंवा डीप फ्रीझर कुणी खिशात घालून नेत नाही, त्याची किंमत दोन-चार फोनवर कळते, आणि चूक झाली तरी ती हजारांत राहते. सोनं हा रोजचा आणि चांगला पैसा आहे, पण त्यात मूल्यांकन, सुरक्षा आणि सराफांचं संगनमत या तिन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. त्याकडे दुसऱ्या वर्षी वळा. जमीन आणि घरं सुरुवातीला घेऊच नका. तिथे लिलाव अर्ध्या दिवसाचा आणि कोर्टकज्जे दहा वर्षांचे.

आयपीएलचा लिलाव पाहून या धंद्यात यावंसं वाटणारी तरुण मुलं भेटतात. डिसेंबर २०२३ला दुबईत तो लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर मुळात मुंबईच्या कलावस्तूंच्या लिलावातल्या. त्यांचं काम जरूर बघा. त्या ओरडत नाहीत, घाई करत नाहीत, आणि कुणाची बोली चालू आहे याबद्दल सभागृहात शंका ठेवत नाहीत. मात्र मंचावर दिसतो तो या धंद्याचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. लिलाव चांगला होणार की फसणार, हे त्याआधीच्या तीन आठवड्यांत कागदावर ठरलेलं असतं.

नोंदणी

वकिलाला सनद लागते तशी या कामाला लागत नाही. एकट्याने करायचं तर मालकी हक्काची फर्म पुरते. भागीदार असेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याखाली फर्म नोंदवा किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करा. पतसंस्था आणि कंपन्या पॅनेलवर घेताना फर्मची कागदपत्रं मागतात, म्हणून निदान एवढं तयार ठेवा: फर्मच्या नावाचं बँक खातं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी; ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी किंवा सूचना, आणि व्यवसाय कराचं प्रमाणपत्र. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांच्या उलाढालीची आहे, पण या धंद्यात ती मर्यादा फसवी ठरू शकते. ते पुढे येईलच.

शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती, चित्रं, नाणी असला माल हाताळायचा असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. १९७२च्या पुरावस्तू व कलाकोष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांनी हे नीट वाचावं. इमारतीपासून सुटी केलेली जुनी वस्तूही या व्याख्येत येते. वाई, सातारा, पुणे, नाशिककडच्या वाड्यांच्या तुळया नि कडीपाट लाकूड म्हणून जातात. पण कोरीव महिरप, गणेशपट्टी किंवा नक्षीचा दरवाजा निघाला, तर तो लॉट (एका बोलीत विकायचा माल) बाजूला काढा आणि पुरातत्त्व खात्याकडून लेखी खुलासा आल्याशिवाय पुकारू नका. घरमालक घाई करतो, त्याला करू द्या.

करारनामा: इथे वेळ घाला

मालकाशी तोंडी ठरवून लिलाव करणारे अजूनही आहेत, आणि भांडणं बहुतेक त्यांचीच होतात. करार मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४पासून किमान मुद्रांक १०० ऐवजी ५०० रुपयांचा झाला, तेवढा खर्च करा.

सर्वांत आधी बघायचं ते विकणाऱ्याचा अधिकार. पतसंस्था किंवा गृहनिर्माण संस्था असेल तर संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घ्या, नुसती सचिवाची सही चालवून घेऊ नका. भागीदारी फर्म असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या. वडिलोपार्जित घरातलं सामान असेल तर सगळ्या वारसांच्या. मुंबईत राहणारा एक भाऊ ‘तुम्ही उरकून घ्या’ असं फोनवर म्हणतो, आणि लिलाव झाल्यावर पितळी हंड्यांवरून नोटीस पाठवतो. यंत्रसामग्री असेल तर बँकेचा बोजा आहे का, हे विचारा. कर्जावर घेतलेलं यंत्र बँकेकडे तारण असतं आणि बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय ते विकायचा मालकाला हक्क नसतो. कंपनी असेल तर तिच्यावरचे बोजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतात.

त्यानंतरच्या अटी. राखीव किंमत, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरकारी बोली किंवा हातची किंमत म्हणतात ती, लॉटप्रमाणे लेखी घ्या. तिच्याखाली बोली थांबली तर लॉट परत ठेवायचा की मालकाला विचारून द्यायचा, हेही आताच लिहा. कमिशन विक्रीच्या किमतीवर टक्क्याने की ठोक? जाहिरात, मांडव, हमाली कोणाची? लिलाव ठरल्यावर मालकाने मागे घेतला, तर तुमचा झालेला खर्च कोण देणार? हे शेवटचं कलम नवे लोक विसरतात. जाहिरात बघून एखादा व्यापारी परस्पर मालकाकडे जातो, उक्त्यात सगळा माल उचलतो, आणि तुम्ही रिकाम्या मांडवात उभे राहता.

आता जीएसटीची ती फसवी गोष्ट. विकलेल्या मालाचं बिल कोणाच्या नावाने निघतं, यावर सगळं अवलंबून आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर २०१८मधल्या एका परिपत्रकात लिलावकर्त्याचीच उदाहरणं दिली आहेत. बँकेने लिलावकर्ता नेमला, त्याने लिलाव घडवून आणला, पण मालाचं बिल बँकेनेच खरेदीदाराला दिलं, तर लिलावकर्ता फक्त सेवा देतो. त्याला कर फक्त स्वतःच्या कमिशनवर, १८ टक्के. उलट चित्रकाराचं चित्र लिलावकर्त्याने स्वतःच्या नावाच्या बिलावर विकलं, तर कायद्याच्या नजरेत त्यानेही माल पुरवला. मग विक्रीची पूर्ण किंमत त्याच्या उलाढालीत धरली जाते. आणि करपात्र माल विकणाऱ्या करपात्र मालकासाठी अशा रीतीने एजंट म्हणून उभं राहिलं, तर २० लाखांची सूट न मिळता नोंदणी सक्तीची होते. म्हणून करारात एक ओळ ठळक लिहा: मालाचं बिल मालकच देईल, लिलावकर्ता फक्त कमिशनचं बिल देईल. मालकाकडे बिलबुक नसेल आणि तो ‘तुमच्याच नावाने काढा’ म्हणाला, तर हो म्हणण्याआधी सीएकडे जाऊन या.

मालाची यादी आणि लॉट

मालाच्या जागेवर जा, मोजपट्टी आणि खडू घेऊन. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, मेकचं नाव, माप, चालू की बंद. यंत्र चालू असेल तर चालवून त्याचा व्हिडिओ काढा. ‘चालू स्थितीत’ असं यादीत लिहिलं आणि खरेदीदाराकडे ते सुरू झालं नाही, तर भांडण तुमच्याशी होईल. म्हणून खात्री नसेल तिथे ‘तपासलेलं नाही’ असं सरळ लिहा. वजनावर जाणारा माल प्रमाणित काट्यावर तोला. काट्यावर वैधमापन विभागाची चालू वर्षाची मुद्रा आहे ना, हे बघा आणि काटा पावती फाइलला लावा.

लॉट पाडणं हे कौशल्याचं काम आहे. मालक म्हणतो, ‘चांगल्याबरोबर वाईटही खपवून टाका.’ तसं केलं की खरेदीदार वाईटाची किंमत शून्य धरतोच, वर ते उचलायची हमाली चांगल्यातून कापतो. मी उलट सांगेन. चांगलं यंत्र एकटं ठेवा, त्याचे जिग-फिक्स्चर (काम पकडून ठेवायची साधनं) आणि हत्यारं त्याच लॉटला द्या, आणि भंगाराचा एकच ढीग करून वजनावर काढा. हॉटेलच्या सामानात मात्र छोटे लॉट चालतात: दहा स्टीलच्या कढया एकत्र, तवे वेगळे, टेबलं चार-चारची. नवीन खाणावळ काढणारा माणूस चार टेबलं घेतो, चाळीस नाही, आणि भाव तोच देतो.

क्रमही आधी ठरवा. पहिले सात-आठ लॉट किरकोळ ठेवा, म्हणजे लोकांचे हात उघडतात. सगळ्यात मोठा लॉट साधारण पहिल्या तिसऱ्या भागात घ्या, खिशात पैसे आणि डोक्यात हुरूप असतो तेव्हा. भंगार शेवटी. भंगारवाले शेवटपर्यंत बसतात, कारण न विकला गेलेला माल भंगारात येईल ही त्यांची आशा असते. त्यांच्या बसण्याने मांडव भरलेला दिसतो, हाही फायदा.

काही वस्तू यादीत घेऊच नयेत. जुने संगणक, टीव्ही, फ्रीज हे ई-कचऱ्यात मोडत असतील, तर ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यावे लागतात. जुन्या बॅटऱ्या आणि वापरलेलं तेल यांनाही स्वतंत्र नियम आहेत. कारखान्याचा माल घेताना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं मागून बघा.

अटी-शर्ती आणि कलम ६४

या धंद्याचा पाया १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ आहे. ते पाठ असावं. प्रत्येक लॉट हा स्वतंत्र विक्री करार असतो. लिलावकर्त्याने हातोडा मारून किंवा रूढ पद्धतीने जाहीर केलं की विक्री पूर्ण होते, आणि आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे ‘एक वार, दोन वार, तीन वार’. तोवर कुणालाही आपली बोली मागे घेता येते. ‘बोली मागे घेता येणार नाही’ असं छापून काही उपयोग नाही. ‘तीन वारानंतर पैसे न भरल्यास अनामत जप्त’ असं लिहा, ते उपयोगी पडतं. राखीव किंमत ठेवता येते, पण ठेवली आहे हे जाहीर करा. मालकाला स्वतः किंवा माणसामार्फत बोली लावायची असेल, तर तो हक्क आधी स्पष्ट सांगून राखून ठेवलेला असला पाहिजे. तसं न करता मालकाचा मेहुणा गर्दीत उभा राहून बोली चढवत असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर ती विक्री खरेदीदाराला फसवणूक ठरवता येते. तुमचं नाव त्या तालुक्यातून गेलं ते वेगळंच. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी तर कधीच बोली लावू नका, वस्तू कितीही स्वस्त जात असली तरी.

छापील अटी एका पानाच्या असाव्यात, मराठीत, मोठ्या अक्षरात. ‘जसे आहे जिथे आहे’ या तत्त्वावर विक्री, अनामत किती, उरलेले पैसे किती दिवसांत, माल किती दिवसांत उचलायचा, उचलताना भिंत किंवा फरशी तुटली तर जबाबदारी कोणाची, रोजचं जागाभाडं किती. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाची त्यावर सही घ्या.

जाहिरात

एका स्थानिक मराठी दैनिकात नोटीस द्या, म्हणजे ‘आम्हाला कळलंच नाही’ ही तक्रार उरत नाही. पण गिऱ्हाईक येतं ते फोनने. लेथ असेल तर इचलकरंजी, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव, नाशिकच्या सातपूर-अंबड या भागांतले जुनी यंत्रं घेणारे व्यापारी शोधा. हॉटेलचं सामान असेल तर केटरर आणि मंडपवाले. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी, फोटो, जागेचा नकाशा आणि माल पाहण्याच्या वेळा पाठवा. माल बघायला निदान दोन दिवस द्या, त्यातला एक रविवार असावा. जो माल बघून जातो तोच मोठी बोली लावतो.

आपल्या तालुक्याबाहेरचे निदान तिघे-चौघे येतील, एवढं काहीही करून बघा. एकाच गावचे व्यापारी एकमेकांना ओळखतात. ते चहाच्या टपरीवर भाव ठरवून येतात, एकच जण बोली लावतो आणि संध्याकाळी माल वाटून घेतात. प्रतिस्पर्धा कायद्यात हे संगनमत बेकायदा आहे, पण मांडवात उभं राहून तुम्ही ते सिद्ध करू शकत नाही. बाहेरचा एक खरा गरजू आला की साखळी आपोआप तुटते. तरीही राखीव किंमत गाठली नाही, तर लॉट शांतपणे मागे ठेवा आणि पुढचा पुकारा.

लिलावाचा दिवस

नोंदणीचं टेबल दारातच. ओळखपत्र, पॅन, मोबाइल, अनामत, मग क्रमांकाची पाटी. पाटी नसलेल्याची बोली घ्यायची नाही, मग तो माजी सरपंच असला तरी.

सुरुवातीला अटी मोठ्याने वाचा. संपूर्ण लिलावाचं चित्रीकरण ठेवा. कॅमेरा लोकांच्या बाजूला हवा, तुमच्या चेहऱ्यावर नको. वाद होतो तो कोणाची पाटी आधी वर गेली यावर. सोबत दोन माणसं हवीत. एक बोलीची नोंद करणारा, दुसरा गर्दीतले हात बघणारा.

वाढीचा टप्पा आधी जाहीर करा. दहा हजारांखाली २०० रुपये, पन्नास हजारांपर्यंत १,०००, लाखावर ५,००० असा माझ्या मते बरा चालतो. राखीव किमतीच्या बरंच खालून सुरू करा, म्हणजे तीन-चार जण तरी उतरतात. प्रत्येक बोली क्रमांकासकट पुन्हा उच्चारा: ‘बावीस नंबर, चौऱ्याऐंशी हजार.’ तिसऱ्या वाराआधी एक श्वास थांबा आणि ज्याने शेवटी हार मानली त्याच्याकडे बघा. पुष्कळदा तिथेच एक वाढ निघते. तीन वार झाल्यावर ‘माझा हात वर होता’ म्हणून कुणी आलं, तर लॉट पुन्हा उघडू नका. एकदा उघडला की दिवसभर उघडावा लागेल.

पैसे

अनामतीसाठी वेगळं बँक खातं ठेवा, त्यातून पेट्रोलसुद्धा भरायचं नाही. ज्यांना काही मिळालं नाही त्यांची अनामत त्याच संध्याकाळी परत गेली पाहिजे, जमल्यास मांडव उतरण्याआधी. पुढच्या लिलावाला ते येतील की नाही, हे त्यावर ठरतं.

उरलेली रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाईल असं करा. एका व्यवहारात किंवा एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा अधिक रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. भंगारवाले नोटांची पिशवी घेऊनच येतात, म्हणून हे जाहिरातीतच छापा. भंगारावरचा टीसीएस (विकणाऱ्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा आयकर) आणि धातूच्या भंगारावर ऑक्टोबर २०२४पासून बदललेले जीएसटीचे नियम मालकाच्या सीएला आधी विचारून ठेवा.

पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय माल हलवू द्यायचा नाही. ताबा पावती दोन प्रतींत: लॉट क्रमांक, वाहन क्रमांक, उचलणाऱ्याची सही, मालकाच्या माणसाची सही. माल एक लाखाच्या वर असेल तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) लागतं, ते मालकाने काढायचं.

सोनेतारणाचा लिलाव

या कामात लिलावकर्त्याने तीन गोष्टी कधीही विसरू नयेत.

पहिली, कर्जदाराचा हक्क. १८७२च्या करार कायद्यानुसार तारण विकण्याआधी त्याला वाजवी नोटीस द्यावी लागते. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत तो पैसे भरून दागिना सोडवू शकतो, आणि विक्रीतून कर्ज फिटून उरलेली रक्कम त्याची असते. लिलाव चालू असताना एखादी बाई पदरात पैसे बांधून शाखेत येते, तेव्हा तिचा लॉट थांबवायचा. व्यवस्थापक कुरकुरला तरी. अटींमध्ये तसं कलम आधीच ठेवा, म्हणजे सराफांनाही बोलायला जागा राहत नाही.

दुसरी, नियम कोणाचे. बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांना रिझर्व्ह बँकेचे जून २०२५चे निर्देश आहेत. राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी नको, दोनदा लिलाव फसला तर ८५ टक्क्यांपर्यंत उतरता येतं. जाहिरात दोन दैनिकांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्ज देणाऱ्या संस्थेने किंवा तिच्या संबंधितांनी बोलीत उतरायचं नाही. उरलेली रक्कम पूर्ण पैसे आल्यापासून सात कामाच्या दिवसांत कर्जदाराला परत. पतसंस्था बँक नाही. ती १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली, आपल्या उपविधींवर आणि सहकार खात्याच्या सूचनांवर चालते. तरी पतसंस्थेचं काम करतानाही वरचीच शिस्त पाळा असं मी सांगेन, कारण तक्रार झाली तर निबंधकांपुढे तीच उपयोगी पडते.

तिसरी, वजन. पाकीट पंचांसमोर फोडा, सील आणि पावतीवरचं वजन जुळवा, मग निव्वळ सोनं काढा. बोरमाळेत लाख असते, साजात आणि ठुशीत मणी पोकळ किंवा भरलेले असतात, मंगळसूत्रात काळे मणी, अंगठीत खडा. सराफ डोळ्याने मोठी घट धरतो, संस्थेच्या कागदावर एकूण वजन असतं, आणि या दोन आकड्यांमधली जागा म्हणजे सराफांचा नफा. स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून शुद्धता यंत्रावर तपासून घ्या. त्याने स्वतः बोली लावायची नाही, ही अट त्याच्याकडून लिहून घ्या. हॉलमार्कचे दागिने वेगळे लॉट करा, जुने बिनछापाचे वेगळे. एकाच उक्त्या लॉटला गावातले दोनच सराफ पुरे पडतात. पंधरा लॉट केले तर शेजारच्या तालुक्यातला छोटा सराफही उतरतो.

वाहनं

इथे कागद मालापेक्षा महत्त्वाचे. नोंदणी पुस्तक, चेसिस क्रमांक प्रत्यक्ष उतरवून घेतलेला, थकीत कर, ई-चलन, विमा. कर्ज थकल्यामुळे वित्त कंपनीने ओढलेलं वाहन असेल तर कंपनी आरटीओच्या फॉर्म ३६ने ते आधी स्वतःच्या नावावर घेते का, की मूळ मालकाच्या सह्यांचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० आहेत, हे लिलावाआधी ठरवा. सरकारी लिलावातून घेतलेल्या वाहनाला फॉर्म ३२ असतो आणि अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. नावावर होणार नाही असं वाहन ‘फक्त भंगारासाठी’ म्हणून यादीत स्पष्ट लिहा.

कमिशनचा हिशेब

उदाहरणादाखल एक वर्कशॉप घ्या. सगळे लॉट मिळून १२ लाखांना गेले आणि तुमचं कमिशन ४ टक्के, म्हणजे ४८,०००. नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, तो सरकारचा. खर्च धरा: जाहिरात ९,०००, मांडव-खुर्च्या ६,०००, चार माणसं दोन दिवस ६,४००, चित्रीकरण ४,०००, छपाई १,५००, प्रवास ३,५००. एकूण ३०,४००. हातात १७,६००, आणि कामाला तीन आठवडे गेलेले. हाच करार ‘जाहिरात, मांडव आणि मजुरी मालकाची, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ असा केला असता तर ३९,००० उरले असते. म्हणून टक्का वाढवण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा खर्चाची बाजू नीट लावून घ्या. टक्क्यावर मालक अडतो, खर्चावर फारसा अडत नाही.

खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेण्याची पद्धत कलावस्तूंच्या लिलावात सर्रास आहे. भंगार आणि यंत्रांच्या मांडवात ती रुजवणं अवघड जातं, खरेदीदार तेवढी बोली कमीच लावतो.

काम कुठून येतं

जिल्ह्यातले सीए, वसुलीची कामं करणारे वकील, यंत्रांचे मूल्यांकनकार आणि एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेचं कार्यालय. धंदा बंद होतो ते सगळ्यांत आधी या लोकांना कळतं. पहिलं काम लहान असलं तरी त्याची फाइल नीट बांधा: ठराव, करार, जाहिरातीचं कात्रण, नोंदणी पत्रक, बोली पत्रक, ताबा पावत्या, हिशेबाचा तक्ता. पतसंस्थेच्या संचालकांसमोर बसताना ही फाइल टेबलावर ठेवायची. त्यांचं लेखापरीक्षण होतं, आणि लेखापरीक्षक लिलावाचे कागद मागतो. ज्याचे कागद पुरे असतात त्याला ते पुन्हा बोलावतात.

दोन प्रकारची कामं मात्र पहिल्यापासून नाकारा. ‘फक्त कागदोपत्री लिलाव दाखवायचा आहे, गिऱ्हाईक ठरलेलं आहे’ असं म्हणणारा संचालक, आणि मालावरून घरात भांडण चालू असताना ‘आधी विकून टाका, मग बघू’ म्हणणारा वारस. दोघेही कमिशन वाढवून देतात.